आडव्याचं वय

दुसखेड्याला, पुलाच्या अलीकडे,
केळीच्या काट्यावर ट्रकची वाट बघत
आडव्याचं वय काढायला बसले सगळे.

बाकी एकमत होतं.
डोकं बोदवडला, शेपूट सातपुड्यात,
तापी निघाली होती उगवतीला
हा आडवा पडला, ती वळली.
पण कधी?

वारके मास्तरांकडे एक दाढ आहे,
नदीच्या दरडीत सापडलेली, शाळेच्या कपाटात.
हत्तीची असेल, म्हणाले,
'असेल'वर जोर देऊन.

सुपडू भारंबेच्या पणजोबाच्या उताऱ्यावर
नोंदच आहे त्याची :
पोटखराबा, चार गुंठे.

हुसेन तडवी म्हणाला, पहाडात त्याचं नाव वेगळं,
दिवेलागणीनंतर घेत नाहीत.
मग सकाळी सांग.
सकाळी मी कापणीवर असतो.

तुळसाकाकू घड पुसत होती. मान वर न करता :
"त्यात काय काढायचं?
बाई आधी चालू लागते,
मंग कोनी आडवं पडतं."

मला माहीत होतं वय.
अडतीस वर्षं, मे महिना, वीज गेलेली.
धाब्यावर धाकटी मंजी झोपत नव्हती,
मालगाडीची घरघर खालून का येते विचारत होती.
मी नऊ वर्षांचा.
म्हटलं, आडव्या कूस बदलतोय.
बाप खाटेवर आडवा झोपायचा, आम्ही खाली,
तेवढंच सुचलं नाव.

सांगून टाकलं.
काट्याचं पारडं जरा हललं, थांबलं.
"तुले कोनी सांगतलं व्हतं?" सुपडूने विचारलं.
कोणी नाही.
"आठोत नसीन."
मास्तरांनी वही काढली, लिहिलं :
मौखिक परंपरा, किमान तीन पिढ्या.
खाली माझी सही घेतली.
केली मी. पेनही त्यांचंच होतं.

मग खंडव्याकडची मालगाडी पुलावर चढली.
बाकडं थरथरलं, चहावर वर्तुळं उठली,
आणि सगळ्यांनी पाय उचलले जमिनीवरून,
बोलणं न तोडता,
मास्तरांनी, हुसेनने, काकूने,
नुकत्याच आलेल्या परप्रांतीय ड्रायव्हरनेही
इकडेतिकडे बघून.
मीही.

अठ्ठावन्न डबे.
गाडी गेल्यावर चपला पायांनी चाचपताना
आठवून बघितलं पुन्हा पुन्हा :
पाय उचलायचं
मी मंजीला सांगितलं नव्हतं.