नियम क्रमांक सतरा

पट म्हणजे एसीच्या खोक्याचं झाकण,
त्यावर टी-स्क्वेअर लावून मी आखलेली एकशे बारा घरं.
रेघा सरळ आहेत, एवढंच माझं श्रेय.
बाकी सगळं भांडणातून आलं.

खेळाचं नाव पार्किंग.
शारजात, अबू शगाराच्या गल्लीत
रात्री अकराला गाडी लावून बघा,
मग नाव हेच का ते विचारणार नाही.
सोंगट्या: लबनच्या बाटल्यांची झाकणं.
दंड: खजुराच्या बिया.
फासा एकच, पौलोसची मुलगी सुट्टीला आली तेव्हा विसरून गेलेली.
सहाचा एक ठिपका उडालाय,
म्हणून नियम पहिला:
पाच दिसले तर दिव्याखाली धरून बघावे.

नझीर मुकादम हर्णैचा.
त्याला प्रत्येक नियमात पळवाट दिसते, म्हणून तो हवा.
जाळी विणणाऱ्यांच्या घरातला,
भोक आधी बघतो.
आर्नेल इलोइलोचा, कमी बोलतो,
पण डाव रेंगाळला की
"इथे कंटाळा आहे," म्हणत बोट ठेवतो
नेमकं चौऱ्याहत्तर नंबरच्या घरावर.
दोन महिने गुरुवारी रात्री
आम्ही ते एक घर दुरुस्त करत होतो.

मी शब्द पुरवले, माझ्याकडे तेवढेच होते.
ज्याला जागा सापडत नाही त्याच्यावर राज्य.
पौलोस म्हणाला, राज्य? म्हणजे राजा?
उलट रे. राज्य आलं की धावायचं, शोधायचं, घामाघूम व्हायचं.
तो बराच वेळ हसत होता.
"तुमच्या भाषेत राजाचे फार हाल."
टाइम प्लीज लगेच रुळलं.
रडीचा डाव नझीरला शिकवावा लागला नाही,
त्याच्याइतका तो कोणी खेळलेलाच नाही.
अडलं ते कच्च्या लिंबापाशी.
भिडू आहे, पण धरायचा नाही.
धावतो, पण बाद होत नाही.
कुणाचा तरी धाकटा भाऊ असतो,
रडू नये म्हणून घेतलेला.
"मग आपण इथे कोण?" पौलोसने विचारलं
आणि खिशातला बताका उगाच चाचपला.
ते कुणी लिहून घेतलं नाही.
त्या रात्री सोळा नियम झाले.

एप्रिलमध्ये आर्नेलच्या कंपनीने गाशा गुंडाळला.
नोटीस, हिशोब, दोन बॅगा,
टीव्ही नझीरला, भाताचा कुकर मला.
त्याचं निळं झाकण एकोणनव्वदवर राहिलं,
गाडी अर्धी डांबरावर, अर्धी वाळूत.

पुढच्या गुरुवारी त्याला कुणी हात लावेना.
काढावं तर तिघांत जागा सहज मिळते, मग खेळायचं काय?
ठेवावं तर रस्ता अडतो.
नझीरलाही पळवाट दिसेना.
शेवटी मीच पेन्सिल घेतली.
सतरा: गेलेला भिडू कच्चं लिंबू.
त्याचं दान बाकीच्यांनी आळीपाळीने टाकावं, प्रामाणिकपणे.
'प्रामाणिकपणे' पौलोसने घालायला लावलं.

आता होतं असं, की
त्याच्यासाठी आम्ही फासा जास्त वेळ खुळखुळवतो.
आपलं पाच पाचच धरून पुढे जातो,
त्याचं पाच मात्र उठून दिव्याखाली नेतो.
आणि काल तो जिंकला.
एकशे बारा. लिफ्टसमोरची, सावलीतली जागा.

फोन केला. तिकडे कोंबडा, मोटरसायकल,
कुणाचं तरी मूल.
तो गप्प. मग म्हणाला,
"काचा लिंबू जिंकू शकतो?
नियमात आहे?"

नियमात नव्हतं.
नझीर म्हणतो, अठरावा घालू आणि त्याचा डाव रद्द करू.
पौलोस म्हणतो, मग त्याच्यासाठी फासा तूच टाक, बघू कसा टाकतोस.
मी कागद पुढ्यात घेऊन बसलोय, पेन्सिलीला टोक नाही.

आणि चौऱ्याहत्तर नंबरचं घर
अजून कंटाळवाणंच आहे,
ते त्याला विचारायचं राहिलं.