शंभरातले सदुसष्ट

ओझान नावाचा तरुण कारकून. टेबलावर निवडुंगाची कुंडी.
"श्रीमती गुंडुला केसलर, वय छप्पन्न,
चिनीमातीचा कारखाना. काम काय होतं?"
मी म्हटलं, रेघ.
"रेघ?"
कपाच्या काठावरची निळी रेघ. बावीस वर्षं.
चाक फिरतं, ब्रश हलवायचा नाही,
जिथून निघाली तिथंच येऊन रेघ मिटली पाहिजे.
सांधा दिसला की कप दुय्यम मालात.
त्यानं टाइप केलं: सजावट विभाग.

मग समजावून सांगितलं, न चिडता,
गणितात कच्च्या पोराला सांगावं तसं.
गेल्या बारा महिन्यांचा पगार घ्यायचा,
नाताळचा बोनसही त्यात,
तीनशे पासष्टांनी भागायचा.
हा तुमचा एक दिवस.
त्यातून कर वजा, विम्यापोटी सरसकट वीस टक्के वजा,
उरेल त्याचे साठ टक्के, अठरा महिने.
"मूल आहे?"
आहे. टिल. चोविसावं चालू आहे,
पियानो बांधायला शिकतो, शेवटचं वर्ष.
"मग सदुसष्ट."

बसमध्ये तेच डोक्यात.
दाढी वाढवून, माझ्याच सपाता घालून
बाल्कनीत फोनवर बोलत उभा राहणारा तो लांबडा मुलगा:
सात टक्के.
तिघं असती तरी सातच, असंही ओझान म्हणाला होता.

महिना सरसकट तीस दिवसांचा धरतात.
एकतीस तारखेला मी कुणाच्याच हिशेबात नसते.
त्या दिवशी नदीकाठानं पार धरणापर्यंत जाते,
फुकट.

भट्टीवरचा लोथार माझ्याच दिवशी सुटला,
तसाच पाकीट घेऊन.
त्याच्या मुली संसाराला लागल्या, म्हणून त्याला साठ.
तरी त्याचे साठ माझ्या सदुसष्टांहून जड.
मी म्हटलं, बघ, कारखान्याला कुलूप लागलं,
पण तुझ्या-माझ्या पगारातला फरक
अजून पाळीवर येतोय.
तो हसला नाही.
कॉफीचे पैसे मात्र त्यानंच दिले.

खरं सांगायचं तर
पगाराच्या चिठ्ठीवर खालून तिसरी ओळ
दर महिन्याला मला टोचायची.
बेकारी विमा, वजा इतके.
वाटायचं, कुठल्या तरी आळशी बाईला
मी बावीस वर्षं पोसते आहे.
आता ती सापडली.
सकाळी सातला उठते, अर्ज लिहिते,
पत्रपेटी दोनदा उघडते,
आणि थुरिंगियातल्या कुठल्याही कारखान्याला
हातानं रेघ ओढणारी बाई नको आहे.

जुलैत टिल पास झाला. प्रमाणपत्र, फुलं,
मी आलुबुखाराचा केक केला.
रात्री टेबलावरच अर्ज भरला:
बदल कळवणे. मुलाचे शिक्षण पूर्ण.
त्यानं खांद्यावरून वाचलं.
"म्हणजे आजपासून मी शून्य टक्के?"
गप, केक खा.

खाता खाता सांगत होता,
पियानोचा एकेक स्वर अगदी शुद्ध लावत गेलं
तर बारा पायऱ्या चढून
शेवटचा स्वर पहिल्याला मिळतच नाही.
केसभर फट राहते. दरवेळी. कुणाचा दोष नाही.
माझा हात थांबला.
बावीस वर्षं मी हेच तर मिटवत होते.
"मग काय करता त्या फटीचं?"
"वाटून टाकतो," बोट चाटत तो म्हणाला,
"सगळ्या स्वरांत थोडी थोडी.
प्रत्येकानं जरासं चुकीचं वाजायचं.
ऐकणाऱ्याला कळतही नाही."

मला चिठ्ठीवरची ती ओळ आठवली.
खालून तिसरी.

सकाळी पाकीट पेटीत टाकलं.
साठ.
परत येताना जिन्यात लोथार भेटला,
म्हणाला, एकतीसला धरणाकडे जातेस म्हणे,
येऊ का?