किलकिलं

नऊ घरांच्या किल्ल्या आहेत माझ्याकडे,
बिस्किटांच्या डब्यात, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची चिंधी.
माझ्या स्वतःच्या घराला कुलूप नाही,
कडी घातली की झालं.

मंगळवारी आणि शुक्रवारी शिवोलीचा चढ चढून
एकेक दार उघडत जाते.
माणसं नसतात. यंत्रं असतात.
आत पाय ठेवला की आधी उभं राहून ऐकायचं,
काय चालू राहिलंय.

दिल्लीवाल्यांकडे टीव्हीचा लाल डोळा
गणपतीपासून उघडा.
प्लग काढला की मिटतो,
आणि खोली उगाच जास्त रिकामी वाटते.
वरच्या मजल्यावर गिझर.
पाणी तापतंय, निवतंय, पुन्हा तापतंय,
आंघोळ कुणाचीच नाही.
त्या घराचं बिल दाराखालून आत सरकवलेलं असतं.
मी वाचू नये, पण वाचते.
कुणी राहत नसलेलं घर
आमच्या पाच माणसांपेक्षा जास्त वीज खातं.

एसीची जाळी नळाखाली धरली की
कुत्र्याचे केस निघतात, चमकी निघते,
कुणाच्या तरी वाढदिवसाची.
बाहेरच्या पेटीचा पत्रा मात्र खारा वारा खातो,
तिथे माझा ब्रश काही करू शकत नाही.

फ्रीज बंद करून दार घट्ट लावून गेलात
तर महिन्याभरात आत काळी बुरशी.
म्हणून फटीत टॉवेलची घडी,
दार किलकिलं.
सगळ्या घरांतून दारं अशी अर्धवट उघडी,
जणू काही सांगायला तोंड उघडलं
आणि तेवढ्यात माणसं विमानात बसली.

रबर कसं तपासायचं हे कायतान मेस्ताने शिकवलं.
कालच्या लॉटरीचं तिकीट फटीत धर,
दार लाव, ओढ.
सहज निघालं तर रबर गेलं.
"वारो वता, पयशेय वतात," म्हणाला.
त्याचं तिकीट आजवर एकदाही लागलेलं नाही,
पण दार लागलंय की नाही ते तिकिटाला कळतं.

घरी मी सगळ्यांना बोलते.
सुयेशला पंख्यावरून, नणंदेला इस्त्रीवरून,
रोज एकेक कपडा कसला गरम करतेस,
रविवारी सगळे घे.
डाळ भिजत घाल, गॅस वाचेल.
फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढ, त्याला श्वास लागतो.
सासू म्हणते, तू वीजखात्यात असायला हवी होतीस.

आणि तरी सहाव्या घरात
एक फ्रीज चालू असतो, वर्षभर.

आफोंसोबाब लिस्बनला.
जाताना म्हणाले, बाकी सगळं बंद कर, हा नको.
आत एकच बाटली.
सुंगटांचं बालचांव, त्यांच्या आईच्या हातचं,
झाकणावर तिच्याच अक्षरात तारीख,
आठ वर्षांपूर्वीची.
आता ते कुणी खाणार नाही,
त्यांनाही ठाऊक आहे.

मी आकडा एकावर ठेवलाय.
महिन्याला एकदा बर्फ वितळवते,
तेवढा वेळ बाटली ओल्या फडक्यात, परातीत,
सावलीच्या बाजूला.
मग पुसून पुन्हा मधल्या कप्प्यात,
जिथे होती तिथेच, अक्षर पुढे.
तीस युनिट तरी जात असतील महिन्याला.
एका बाटलीसाठी.
नऊ घरांचे प्लग ओढणारा हात
इथे नुसता बटणापर्यंत जाऊन येतो.

मागच्या मंगळवारी तिकीट धरलं, ओढलं,
अलगद हातात आलं.
कायतानला फोन केला.
तो म्हणाला, वेडी आहेस, तो फ्रीजच विकून टाकायला सांग.
मी म्हटलं, माप घेऊन ये.

शुक्रवारी त्याने नवीन रबर बसवलं.
तिकीट दोनदा धरलं, दोनदा फाटलं.
जुनं रबर मी घरी आणलं,
परसात तोंडल्याच्या वेलाला बांधलं.
चांगलं धरलंय.