जवळचा अर्थ

रात्रपाळीहून येताना आई फ्लॉवरच्या खोक्यांचा पुठ्ठा आणते.
मी त्याचे पत्त्याएवढे तुकडे कापतो,
एका अंगाला एक नाम, दुसऱ्या अंगाला पाच,
पाचांतलं एकच बरोबर, त्याखाली रेघ.
दोनशे बारा झालेत.
सगळ्यांना पानांचा ओला वास.

परीक्षा सप्टेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी.
उग्ने दहा वर्षांची आहे
आणि तिला बॉस्टनच्या ग्रामर स्कूलला जायचंय
(लिंकनशरमधलं बॉस्टन, अमेरिकेतलं नव्हे),
जिथल्या मुली व्हायोलिनच्या पेट्या घेऊन बसमध्ये चढतात.
मी बटाटे सोलत विचारतो, ती जिन्यावर बसून सांगते.
मध्ये अंडी उकडायचं घड्याळ.
शब्दाला अर्धं मिनिट.

धैर्य? हिंमत.
मत्सर? हेवा.
युक्ती? शक्कल.
शेंगेतून वाटाणे काढावेत तशी काढते.
आग? ज्वाला.
शेगडीपाशी उभी आई म्हणाली, उग्नीस.
आमच्या लिथुएनियनमध्ये आगीला उग्नीस म्हणतात,
हिचं नाव त्यावरूनच.
पाचांत ते नव्हतं.

घर?
"मुक्काम."
मी पुठ्ठा उलटला. रेघ निवासखाली.
"मुक्काम का नाही?"
मुक्काम म्हणजे चार दिवस राहायचं, मग पुढं जायचं.
"मग बरोबरच आहे की.
इथं आल्यापासून चार घरं झाली आपली."
चौथ्या घराच्या माडीवर
लाटव्हियाचा यानिस बूट काढत होता.
एक पडला.
दुसरा नेहमीसारखा बऱ्याच वेळानं.
पेपरात निवास लिही, मी म्हणालो.

आईचं इंग्रजी शेडमधलं:
चाकू, पट्टा, लवकर, ब्रेक.
तरी काम आलं तेव्हा ती मध्ये पडली.
काम आणि कष्ट एकच?
पुस्तक तसं म्हणतं.
फडक्याला हात पुसत राहिली, हात कोरडे झाले तरी.
"काम सहाला संपतं.
कष्ट माझ्याबरोबर बसमध्ये चढतात."
उग्नेनं ते वहीत उतरवून घेतलं.
याला मार्क नाहीत, मी म्हणालो.
"माहीत आहे," ती म्हणाली आणि तारीख घातली.

मग अपयश.

पुठ्ठा मीच केलेला, अक्षर माझं.
दोन वर्षांपूर्वी याच टेबलाशी आईनं पाकीट फोडलं
आणि वाचायला माझ्याकडे दिलं.
सहा मार्क कमी होते.
आपल्या भाषेत सांगताना मी दोन सांगितले.
तेव्हा उग्ने टेबलाखाली ठोकळे रचत होती,
तिचं लक्ष नव्हतं
असं मी आजवर धरून चाललो होतो.

घड्याळ टिकटिकत होतं.
पराभव. तिला झोपेतून उठवलं तरी येतं.
ती माझ्या हातातल्या सोलणीकडे बघत राहिली.
"नाही येत."
सोपा आहे, सांग.
"मला नाही येत म्हटलं ना."
घंटा वाजली.
सोललेला बटाटा काळा पडू लागला होता.
मी पुठ्ठा गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला
आणि पुढचा घेतला. प्रवास? सफर.

काल रात्री मोजले तर दोनशे अकरा.
परत मोजले.
बाकाखाली पाहिलं, कचऱ्यात पाहिलं,
तिच्या दप्तरात हात घातला आणि काढून घेतला.

सकाळी टेबलावर कोपर टेकलं
आणि टेबल हललं नाही.
घेतल्यापासून त्याचा डावा पाय आखूड,
कप अर्धेच भरायची सवय झाली होती आम्हाला.
वाकून पाहिलं:
पुठ्ठ्याची घडी, घडीची घडी,
पायाखाली घट्ट, अक्षर आत.

कोणी ठेवलं, विचारलं नाही.
तिघांचा चहा ओतला,
काठोकाठ.