गुरुवारच्या बाई

नवसारीहून सकाळच्या गाडीने यायच्या फिरोजाबाई,
दर गुरुवारी. हातात कापडी पिशवी,
पिशवीत लॅपटॉप नाही, विणकाम आणि चष्म्याचं घर.
त्यांना दिवसाचे किती कबूल केलेत
तो आकडा मला चुकून कळला होता,
म्हणून पहिल्या दिवशी मी त्यांना चहा विचारला नाही.

अकोटा पुलाच्या अलीकडे, तिसरा मजला, आम्ही सहा जण.
खिडकीतून विश्वामित्री दिसते म्हणतात,
खरं तर तिच्यावरची झुडपं दिसतात.
ट्रकवाल्यांच्या बिलांचं सॉफ्टवेअर आमचं,
आणि त्यात एक फंक्शन आहे, चौदाशे ओळींचं.
मुलं त्याला मगर म्हणतात.
बडोद्यात हे कुणाला समजावावं लागत नाही:
नदी आहे म्हणजे ती आहे,
आपण काठाने चार हात लांबून चालायचं,
आणि पूर आला की ती थेट सोसायटीच्या फाटकाशी.
आमचा पूर एकतीस मार्चला येतो.

ही मगर माझी.
दोन हजार चौदाचा उन्हाळा, वडील दवाखान्यात,
मी बाहेरच्या बाकावर रात्र रात्र टाइप करत होतो.
हे कोडमध्ये कुठे लिहिलेलं नाही.
लिहिलंय ते एवढंच: हात लावू नये. पागे.

मला वाटलं बाई फळा मागतील, रंगीत चिठ्ठ्या मागतील;
अहमदाबादहून आलेल्या मागच्या माणसाने
अख्खी भिंत पिवळी करून ठेवली होती.
यांनी खुर्ची मागितली, बिनहाताची,
आणि कृपालला म्हणाल्या, ते मोठ्याने वाच.
कृपाल सोळंकी, तेवीस वर्षांचा, येऊन आठ महिने,
वाचत सुटला सत्यनारायणाची पोथी वाचावी तसा,
आणि दोनशेव्या ओळीवर थांबून म्हणाला,
"पागेसर, इथे 'तात्पुरतं' म्हणजे किती दिवस?"

दुसऱ्या गुरुवारी माझे हात माझ्याच मांड्यांखाली.
ज्याला येतं त्याने कीबोर्डला शिवायचं नाही,
तोंडाने सांगायचं, समोरच्याला कळेल असं.
मी सांगू लागलो.
अकरा वर्षांत पहिल्यांदा मला माझं म्हणणं ऐकू आलं.
बरं नव्हतं.
"चालो ने सर, फरीथी कहो," इम्तियाज वोरा म्हणाला,
न हसता.

तिसऱ्या गुरुवारी बाई कोपऱ्यात स्वस्थ.
सुया थांबलेल्या, हनुवटी छातीला,
चष्म्यावर ट्यूबलाइट, त्यामुळे डोळे दिसत नव्हते.
निरीक्षण चाललंय, आम्ही एकमेकांना खुणावलं.
चूक दिसू नये म्हणून जो तो शेजारच्याला विचारत होता.
साडेतीनला रेवतीने मगरीची शेपटी कापली,
जीएसटीच्या आधीचा मेलेला तुकडा, सत्तर ओळी,
आधी चाचण्या लिहून, सगळ्या हिरव्या झाल्यावर,
आणि माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
मी खाली जाऊन सेवउसळ खाऊन आलो. एकटाच.
तर्री जास्त झाली, डोळ्यांतून पाणी आलं,
ते तर्रीचंच होतं असं धरून चालू.

असे नऊ गुरुवार. मग बिल आलं,
हाताने लिहिलेलं, निळ्या शाईत, आठ दिवसांचं.
मी फोन केला. बाई, नऊ वेळा आलात तुम्ही.
"डीकरा," त्या म्हणाल्या, "त्रीजी वखत तो मला झोप लागलेली.
ऊंघवाना पैसा हूं नथी लेती."

रेवतीला मी हे सांगितलेलं नाही.

मगर अजून आहे, नऊशे साठ ओळींची.
'हात लावू नये'च्या खाली कुणीतरी
आजची तारीख टाकून विचारलंय, का?
उत्तर द्यायला बसलोय.
वडिलांपासून सुरुवात करावी की व्हॅटपासून, ठरत नाही.
कृपाल शेजारी बसून वाट बघतोय,
कीबोर्ड त्याच्याकडे आहे.