तिसऱ्या ओळीतला हिरवा

ग्रानादात, गोमेरेसचा चढ चढताना
डाव्या हाताला एक दार लागतं, उंबऱ्यावर कायम भुसा.
आत सुरूच्या लाकडाचा वास
आणि एउलोहियो मास्तर, चष्म्यावर चष्मा चढवून.

माझं इथलं पहिलं वर्ष सरस ढवळण्यात गेलं.
दुसऱ्या वर्षी पटाशीनं अंगठ्याला अक्कल शिकवली.
चौथ्या वर्षी, परवाच्या ऑक्टोबरात,
मास्तरांनी कुलुपातून एक काडी काढली,
वीतभर लांब, करंगळीहून बारीक:
"ही रेमेदियोसची. शेवटची.
करवत लावशील तेव्हा श्वास घेऊ नकोस."

गिटारीच्या पोटावर भोक असतं,
त्याच्याभोवतीची नक्षी लोकांना ब्रशनं काढलेली वाटते.
ती सगळी लाकडाची.
सुतासारख्या चिरफळ्या, काळ्या, तांबड्या, हिरव्या,
मधूनमधून मेपलची बिनरंगी,
एकीला एक चिकटवत केलेली काडी.
मोत्रिलचा ऊस कुठेही तोडा, गोडी तीच,
तशी ही कुठेही कापा, आतलं फूल तेच.

रेमेदियोस मास्तरांची थोरली बहीण.
दुकानात ती कधी बसली नाही.
वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर,
मसूर निवडून झाली की त्याच ताटात
चिरफळ्या निवडायची.
चाळीस वर्षं.
गिटारीच्या आत चिठ्ठी असते, नाव, गाव, साल.
नाव मास्तरांचं.

भिंग लावलं तेव्हा मला दिसलं:
तिसऱ्या ओळीत जिथे काळा हवा, तिथे हिरवा.
काडीत चुकलं की प्रत्येक कापात चुकतं,
एका गिटारीत बहात्तर वेळा,
भोकाभोवती फेर धरून.

"शेवटी डोळे गेले होते तिचे," मास्तर म्हणाले.
"मोतीबिंदू. मला कळलं होतं. बोललो नाही."
आणि रंध्याचं पातं दगडावर घासत राहिले,
लागतं त्याहून बराच वेळ.

तीट म्हणावी, तर ती एकच असते, गालावर.
बहात्तर तिटा कोण लावतं?
याच जातीच्या काडीची आधीची गिटार
एका डेन्मार्कच्या गिऱ्हाइकानं उजेडात धरली,
बोटानं मोजत म्हणाला, दोष आहे, कमी करा.
मास्तरांनी पन्नास युरो वाढवले.
त्यानं मुकाट दिले.

जानेवारीत वरची पन्हळ तुंबली.
भिंत ओलावली म्हणून कपाट सरकवलं,
मागे बिस्किटांचा गंजका डबा.
बटणं, एक तुटका फणीचा दात,
आणि कागदात गुंडाळलेला काडीचा तुकडा, पेराएवढा.
कागदावर साल, १९५८.
तेव्हा ती एकोणीस वर्षांची,
समोरच्या बुरुजावर बसलेल्या पाकोळ्या
खिडकीतून मोजणारी, असं शेजारीण सांगते.

उजेडात नेऊन भिंग लावलं.
तिसरी ओळ.
हिरवा.

मास्तरांना दाखवावं की नाही,
या विचारात मी जिना दोनदा उतरले,
दोनदा परत चढले. तुकडा ॲप्रनच्या खिशात.

शेवटची काडी कापली. एक काप करवतीनं खाल्ला,
हातात राहिले एकाहत्तर.
"असू दे," मास्तर पाठमोरेच म्हणाले,
"फटीवर गळ्याची पट्टी येते. झाकतं सगळं."

ते जेवायला गेले.
मी खिशातला तुकडा काढला, श्वास धरला,
एकच काप घेतला,
जिथे कुणाला कधी दिसणार नाही तिथे बसवला.
वर आबनुसाची पट्टी, शिकंजे आवळले.
कडेनं सरस ओघळला, तो ओल्या फडक्यानं पुसला.

संध्याकाळी मास्तरांनी अंगठा फिरवून कड पाहिली.
"भरले बहात्तर?"
"भरले."
"भरणारच," ते म्हणाले, दिव्याचं बटण शोधत,
"मोजण्यात ती कधी चुकली नाही."