बारदान

गुलटेकडीच्या यार्डात सत्तावीस वर्षं तोलणार आहे मी.
पोतं हमालाच्या पाठीवरून उतरतं,
त्या आवाजावरच सांगतो:
एकोणपन्नास सहाशे, बारदान वजा.
काटा नंतर लाल आकड्यांत तेच म्हणतो.

आणि घरातलं कुत्रं
माझ्या डोळ्यांदेखत नऊ किलोनं वाढलं,
मला दिसलं नाही.
रोजचा माल कोण तोलतो?

तांबोळी डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर ढब्बू टिकेना,
म्हणून बाजार बंद असताना यार्डात नेला.
उचलून काट्यावर उभा राहिलो,
मग त्याला सोडून एकटा.
एकशे एक वजा सत्तर.
गाळ्याच्या पायरीवरून कुणीतरी ओरडलं,
आज तोलणारच बारदान झाला!

एकतीस. हवेत बावीस.

बाई म्हणाल्या, इथं बोटं ठेवा.
बरगड्या डोळ्याला दिसू नयेत,
हाताला लागाव्यात.
पोत्याबाहेरून शेंगा लागतात तशा.
मी चाचपलं.
शेंगा नव्हत्या. गादी होती.

गुन्हेगार शोधायला लांब जावं लागलं नाही.
चहावाला दत्तोबा खारी घालतो.
वरच्या मजल्यावरची पोरं ग्लुकोजची बिस्किटं.
मीही, संध्याकाळी, खिशातून, कुणी बघत नसताना.
आणि शकू तर तुपाशिवाय चपाती त्याच्यापुढं टाकत नाही.
म्हणते, बहात्तरला चार वर्षांची होते,
मिलो खाऊन जगले,
माझ्या दारात कुणी बरगड्या दाखवत उभं राहणार नाही.

यावर काय बोलणार?

बाईंनी वाटी दिलीय मापाची, सपाट भरायची.
शकू शीग लावून भरते.
मी तळहातानं शीग उतरवतो,
शेतकऱ्यादेखत उतरवताना कधी वाटली नाही
तेवढी लाज वाटते.
ती पाठ फिरवून भांडी घासत राहते,
घासलेलीच.

मग सुईचं.
गेल्या साली सगळ्या लशी एकाच दिवशी टोचल्या,
रात्री ढब्बूचं तोंड फुगलं,
डोळे मिटून गेले,
अप्परच्या चढावर रिक्षा मिळेना
आणि हातात ते एकतीस किलो.
रेणूची मैत्रीण म्हणते, यंदा टोचूच नका.

पारडी यार्डातून कधीच गेली,
आता फक्त बोलण्यात उरलीत.
तरी रात्रभर मी दोन पारडी धरून बसलो.
एकात ती फुगलेली रात्र.
दुसऱ्यात लिंबाजी हमाल:
भुसार गाळ्यामागं एवढासा ओरखडा,
हळद भरली, दुसऱ्या दिवशी कामावर.
दीड-पावणेदोन महिन्यांनी
पाण्याचा तांब्या पुढं केला
तेव्हा त्याच्या गळ्यातून जो आवाज आला,
त्याला बारदान नाही.
काही वजा करता येत नाही त्यातून.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं, लिहून घेतलं.
म्हणाल्या, पिसाळाची चुकवायची नाही.
बाकीच्या एकेक करून, मधे दिवस सोडून,
कुठली लागेल, कुठली थांबेल, बघून ठरवू.
आणि टोचल्यावर अर्धा तास इथंच बसायचं.
विचारलं, म्हणजे धोका नाही ना?
म्हणाल्या, आहे. थोडा आहे.

खरं वजन सांगणारा माणूस
मला आपला वाटतो.

आता बाकावर बसलोय दोघं.
मी त्याच्या ओठांकडं बघतोय,
तो माझ्या खिशाकडं.
खिशात खारीचा चुरा आहे, त्याला माहीत आहे.
हात घातला. तसाच रिकामा बाहेर काढला,
त्याच्या कुशीवर ठेवला, जरा दाबला.
खूप आत, गादीखाली,
एक शेंग लागल्यासारखी वाटली.
की माझंच बोट, कळलं नाही.

अजून एकोणीस मिनिटं.